ऑपरेटरला समज दिली

“आपल्याकडच्या माणसांना शिकायचंच नसतं.” पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक या पट्ट्यात व्यवस्थापनावरची व्याख्यानं होतात, तिथे हे वाक्य कुणी ना कुणी उच्चारतंच आणि सभागृहातल्या माना डोलतात. पुढची मांडणीही ठरलेली असते. जग झपाट्यानं बदलतंय, टिकायचं तर संस्थेनं सतत शिकत राहिलं पाहिजे, संस्था म्हणजे शेवटी माणसंच, तेव्हा माणसांची वृत्ती बदला. मग वर्षाकाठी ठरावीक तासांचं प्रशिक्षण, ऑनलाइन कोर्स, शनिवारी दुपारी पाहुण्यांचं व्याख्यान, भिंतीवर कायझेनचा, म्हणजे सतत सुधारणेचा, फलक. एवढं करूनही जो बदलत नाही, त्याच्या जागी दुसरा आणायचा.

ही मांडणी मला चुकीची वाटते आणि अन्यायाचीही. चुकीची, कारण पुरावा तिच्या विरुद्ध आहे. अन्यायाची, कारण ज्याच्या हातात सगळ्यात कमी आहे त्याच्याच माथी ती दोष मारते. चूक दिसली आणि ती कुणी बोलून दाखवली, तर त्या माणसाचं पुढे काय होतं? काम थांबवायचा अधिकार कुणाला आहे? थांबून विचार करायला पगारी वेळ मिळतो का? टीम शिकणार की नाही हे या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतं. आणि ही तिन्ही उत्तरं व्यवस्थापनाच्या हातात असतात, कामगाराच्या नाही.

‘लर्निंग ऑर्गनायझेशन’ हा शब्द आपल्याकडे पोचला तो मुख्यतः एमआयटीच्या पीटर सेंगे यांच्या ‘द फिफ्थ डिसिप्लिन’ या १९९० सालच्या पुस्तकामुळे. त्यात पाच गोष्टी सांगितल्या आहेत: माणसाचं स्वतःचं प्रावीण्य, मनात घट्ट बसलेली गृहीतकं तपासणं, सगळ्यांचं मिळून एक स्वप्न, टीमनं एकत्र शिकणं, आणि या चारींना बांधणारी पाचवी, म्हणजे अख्खी व्यवस्था एकत्र पाहण्याची दृष्टी. पुस्तकाचं नावच या पाचव्या गोष्टीवरून आहे. आपल्या कंपन्यांनी मात्र पहिली तेवढी उचलली, कारण ती कोर्सच्या रूपात विकत घेता येते आणि तिचा हिशेब तासांत मांडता येतो. पाचवीला हात लावला की साहेबांचे निर्णयही तपासणीत येतात: डिस्पॅचचं वेळापत्रक कुणी ठरवलं, देखभालीचा खर्च कुणी कापला, बोनस कशावर मिळतो.

सेंगे यांच्या आधी, १९७८ साली, ख्रिस आर्जिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. चूक दुरुस्त करणं हे एका पातळीचं शिकणं. ज्या नियमामुळे, ज्या उद्दिष्टामुळे ती चूक पुन्हा पुन्हा होते, तो नियमच तपासणं हे दुसऱ्या पातळीचं. १९९१ सालच्या एका लेखात आर्जिरिस यांनी दाखवलं की उत्तम विद्यापीठांतून आलेले, गलेलठ्ठ पगाराचे व्यवस्थापन सल्लागारच या दुसऱ्या पातळीवर अडखळतात. स्वतःच्या कामाची चिकित्सा सुरू झाली की ते बचावात जातात आणि ग्राहकाला किंवा वरिष्ठाला दोष देतात. म्हणजे शिकण्याची नावड ही कमी शिकलेल्या कामगाराची खोड आहे, हे गृहीतक तेव्हाच मोडीत निघालं होतं.

पण या मांडणीला खरं उत्तर दिलं ते कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावच्या मोटार कारखान्यानं. व्यवस्थापनाच्या शिक्षणात हे उदाहरण शिकवतात, तरी त्यातलं मुख्य ते सुटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्रीमाँटचा कारखाना जनरल मोटर्सचा. कंपनीच्या सगळ्यात बदनाम कारखान्यांपैकी एक. रोज साधारण पाचातला एक कामगार गैरहजर, तक्रारींचा ढीग, अधूनमधून अचानक संप, कामावर दारू. गाडीच्या दाराच्या पत्र्याआड रिकामी बाटली टाकून द्यायची, म्हणजे गिऱ्हाइकाला खडखडाट ऐकू येईल, असले प्रकार चालत, हे तिथल्या जुन्या कामगारांनीच पुढे सांगितलं. लाइन मात्र कधीही थांबायची नाही, हा तिथला अलिखित कायदा. बोल्ट राहिला, चुकीचा भाग बसला, तरी गाडी पुढे सरकायची आणि शेवटी आवारात दुरुस्तीसाठी उभी राहायची. १९८२ साली कंपनीनं कारखान्याला टाळं ठोकलं.

१९८४ मध्ये तोच कारखाना टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत पुन्हा उघडला. नाव न्यूमी. उत्पादनाची व्यवस्था टोयोटाच्या हाती. कामगार संघटना तीच, युनायटेड ऑटो वर्कर्स. आणि कामगारही बहुतांश तेच: सुरुवातीच्या कामगारांपैकी सुमारे ८५ टक्के जुन्या फ्रीमाँटचे होते. “शिकायचंच नसतं” असं ज्यांच्याबद्दल छातीठोकपणे म्हणता आलं असतं, ती हीच माणसं. १९८६ च्या अखेरीस या कारखान्याची उत्पादकता जनरल मोटर्सच्या इतर प्रत्येक कारखान्यापेक्षा जास्त होती, जुन्या फ्रीमाँटच्या दुपटीहून अधिक. गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली. माणसं बदलली नव्हती, मग बदललं काय?

प्रशिक्षण झालं, हे खरं. शेकडो गटप्रमुखांना जपानमधल्या टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात प्रत्यक्ष लाइनवर काम करायला पाठवलं. पण परत आल्यावर त्यांच्या हाती काय आलं, ते पाहिल्याशिवाय या प्रशिक्षणाची किंमत कळत नाही. लाइनच्या कडेनं, हाताला येईल अशी एक दोरी होती. कामात काही अडलं, भाग बसेना, काही चुकतंय असं वाटलं की कामगारानं ती ओढायची. सूर वाजतो, फलकावर त्या जागेचा आकडा उजळतो आणि गटप्रमुख त्याच्याकडे धावत येतो. गाडी जमिनीवरच्या ठरलेल्या खुणेपर्यंत सरकत राहते. तोवर प्रश्न सुटला तर दोरी पुन्हा ओढायची आणि काम पुढे. नाही सुटला तर त्या टप्प्यावर लाइन थांबते. जुन्या फ्रीमाँटमध्ये ज्या माणसाला लाइन थांबवल्याबद्दल घरी पाठवलं असतं, त्याच माणसानं आता ती थांबवावी अशी कंपनीची अपेक्षा होती. दोरी ओढल्यावर “काय अडलं?” असं विचारणारा माणूस त्याच्या शेजारी येऊन उभा राहत होता. शिकण्याचा क्षण हाच. दोष अजून ताजा आहे, तो पाहणारा आणि सोडवणारा समोरासमोर आहेत, आणि त्या वेळेचा पगार चालू आहे.

दुसरी गोष्ट घड्याळाची. पूर्वी कुठलं काम किती सेकंदात व्हायचं ते औद्योगिक अभियंते घड्याळ घेऊन ठरवत आणि कामगार त्यांना फसवण्याच्या युक्त्या शोधत. न्यूमीत तेच घड्याळ टीमच्या हातात दिलं. टीमनं स्वतः वेळ मोजायची, सगळ्यात सोपी आणि निर्धोक पद्धत शोधायची, ती लिहून काढायची आणि त्यापेक्षा चांगली सापडली की बदलायची. कामात शिस्त कडकच होती, बहुधा आधीपेक्षा कडक. पण ती लिहिणारा आणि पाळणारा एकच होता.

तिसरी गोष्ट आपल्याकडच्या व्याख्यानांत हमखास गाळली जाते. संघटनेशी झालेल्या करारात कंपनीनं लिहून दिलं होतं की तिच्या दीर्घकालीन अस्तित्वालाच धोका आल्याशिवाय कुणाला कमी करणार नाही. त्याआधी बाहेर दिलेली कामं परत आत आणू, अधिकाऱ्यांचे पगार कापू, आणि मगच कामगारांकडे वळू. १९८८ मध्ये गाड्यांची मागणी पडली आणि कारखान्याची बरीच क्षमता रिकामी राहिली. कुणाला घरी पाठवलं नाही. हाताला काम नसलेल्यांना प्रशिक्षणात आणि सुधारणेच्या गटांत घातलं. शब्द पाळला जातो हे कामगारांनी डोळ्यांनी पाहिलं. एखाद्या कामगारानं आपल्या जागेवरचं काम सोपं करून तिथली दोन माणसं वाचवली आणि त्या दोघांतला एक तोच निघाला, तर पुढच्या वेळी तो युक्ती खिशातच ठेवील. यात वृत्तीचा दोष कसला? हे साधं शहाणपण आहे. नोकरीची हमी नसेल तिथे सुधारणा सुचवायला सांगणं म्हणजे माणसाला बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवायला सांगणं.

हे सगळं जनरल मोटर्सच्या डोळ्यांसमोर घडत होतं. त्यांनी आपले अधिकारी तिथे पाठवले, छायाचित्रं घेतली, आणि लॉस एंजलीसमधल्या व्हॅन नाइस कारखान्यात तीच टीमची पद्धत आणायला निघाले. कारखाना बंद करण्याची टांगती तलवार ठेवून. दोरी बसवली, पण लाइन थांबणं तिथल्या फोरमनला परवडत नव्हतं, कारण वरच्या मंडळींचा हिशेब किती गाड्या बाहेर पडल्या यावरच चालला होता. संघटनेत फूट पडली, कामगारांना हा सगळा डाव वाटला. १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला.

“ते जपान्यांना जमतं, त्यांची संस्कृतीच तशी,” असं म्हणणाऱ्यांना फ्रीमाँटच्या कामगारांपलीकडे उत्तर द्यायची गरज नाही. ते कॅलिफोर्नियाचे होते. आणि नुसत्या जपानी नावानं काही होत नाही, हे सांगायला बिडदी आहे. बंगळूरजवळच्या टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यात नोव्हेंबर २०२० मध्ये संप आणि टाळेबंदी झाली, कामाच्या ताणावरून. कार्यपद्धतीचं पुस्तक तेच असलं तरी कामगार आणि कंपनी यांच्यातला विश्वास प्रत्येक जागी नव्यानं कमवावा लागतो.

आता आपल्या दारात. वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या प्रेस शॉपच्या गुणवत्ता विभागात ज्यानं वर्षं काढली आहेत, त्याला ‘एट डी’ अहवाल पाठ असतो. ग्राहकाकडून तक्रार आली की हा फॉर्म भरायचा: दोष काय, तात्पुरता बंदोबस्त काय, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. समजा तक्रार आली की ब्रॅकेटच्या भोकाच्या कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत धार, आहे. का? पंचची धार गेली होती. धार का गेली? ठरलेले स्ट्रोक होऊन गेले तरी तो ग्राइंडिंगला गेला नाही. का गेला नाही? डाय उतरवायला प्लॅनिंगनं वेळ दिला नाही, ग्राहकाची गाडी गेटवर उभी होती. गाडी उभी का होती? महिन्याचा माल शेवटच्या आठवड्यात ढकलला होता. इथे मूळ कारण सापडलं. पण अहवालात ते उतरत नाही. तिथे लिहिलेलं असतं: मूळ कारण, ऑपरेटरनं ठरल्याप्रमाणे तपासणी केली नाही. उपाय: ऑपरेटरला समज दिली, पुन्हा प्रशिक्षण दिलं, हजेरीपत्रक सोबत जोडलं आहे.

तो ऑपरेटर बहुतेक वेळा दोष सगळ्यांच्या आधी ओळखून असतो. पंचची धार गेली की प्रेसचा आवाज बदलतो, वर्षानुवर्षं त्याच मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला तो गेजच्याही आधी ऐकू येतो. तो म्हणतो, “साहेब, आवाज बदललाय, जरा बघता का?” आणि उत्तर मिळतं, “एवढा लॉट निघू दे, मग बघू.” मी सुपरवायझरला खलनायक करत नाही. त्याला शिफ्ट सुटताना आकडा कळवायचा असतो आणि आकडा कमी आला की त्याच्यावर कुणी ओरडायचं हे ठरलेलं असतं. पण आठवड्यानं तोच ऑपरेटर मेमोवर सही करतो, प्रशिक्षणाच्या खोलीत बसतो आणि पंचची धार कशी ओळखायची याची स्लाइड पाहतो. ज्याला ठाऊक होतं त्याला पुन्हा शिकवलं. ज्यानं ऐकलं नाही, आणि ज्या वेळापत्रकानं त्याला ऐकू दिलं नाही, ते आहेत तसेच राहिले. पुढच्या वेळी आवाज बदलला तर तो काही बोलणार नाही. मग व्याख्यानात कुणीतरी म्हणेल की यांना शिकायचंच नसतं.

यावर सगळ्यात गंभीर आक्षेप शिस्तीचा आहे आणि तो टाळता येणार नाही. चुकीला शिक्षाच नसेल तर कुणी काळजी घेणार नाही, असं अनुभवी माणसं मनापासून म्हणतात. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचं उत्तर इथे ऐकण्याजोगं आहे. रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या टीम आणि औषधं देण्यातल्या चुका हा त्यांचा विषय. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे उलटे आले: ज्यांचं नेतृत्व चांगलं, आपसातले संबंध चांगले, त्यांच्या नावावर नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला की त्या टीम चुका लपवत नव्हत्या. जिथे भीती होती तिथे चुका कागदावर येतच नव्हत्या. आपल्या कारखान्यांत ‘शून्य दोष, शून्य अपघात’ लिहिलेल्या फलकावर दिवस मोजणाऱ्यांनी हा निष्कर्ष फलकाशेजारी लावावा, असं मला वाटतं. शिक्षेनं चुका कमी होत नाहीत, नोंदी कमी होतात.

आणि शिक्षा सगळीकडून काढा असं कुणी म्हणतही नाही. अमेरिकेत विमानोड्डाणातल्या चुका स्वतःहून कळवण्याची व्यवस्था १९७६ पासून चालू आहे. ती चालवायला मुद्दाम नासाला दिली, कारण दंड करणाऱ्या खात्याकडे कुणी आपली चूक कळवायला जाणार नाही. अहवालातलं नाव काढून टाकतात. अजाणता झालेल्या नियमभंगाबद्दल दहा दिवसांत कळवलं तर दंडातून सूट मिळते. जाणूनबुजून केलेला गुन्हा आणि अपघात यांना ही सूट नाही. म्हणजे चूक आणि बेफिकिरी यांतली रेषा आधीच, सगळ्यांना दिसेल अशी आखलेली आहे. आपल्याकडे ती रेषा चूक झाल्यावर, चूक कुणाची हे पाहून आखली जाते.

नासा दुसऱ्यांसाठी ही व्यवस्था सांभाळत होती आणि स्वतःच्या घरात मात्र कमी पडली. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी ज्या कोलंबिया यानात होते, त्याच्या डाव्या पंखावर १६ जानेवारी २००३ रोजी, उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आत, फोमचा तुकडा आदळला. अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रं मिळवावीत म्हणून विचारणा केली. व्यवस्थापनानं ती पुढे जाऊ दिली नाही, कारण फोम याआधीही आदळला होता आणि काही झालं नव्हतं. १ फेब्रुवारीला यान परतताना तुटलं. चौकशी मंडळानं नासात शिकणाऱ्या संस्थेची लक्षणं दिसली नाहीत असं स्पष्ट लिहिलं. १९८६ मध्ये चॅलेंजर गेलं तेव्हाही, ओ-रिंग या रबरी सीलचा धोका सांगणारे अभियंते होते आणि त्यांना बाजूला सारणारी बैठक होती. तिथे हुशारीचा किंवा शिकण्याच्या हौसेचा तुटवडा होता असं कोण म्हणेल?

शिकवलं तर लोक सोडून जातील, हा आक्षेप मी फार मनावर घेत नाही. जातात ते बहुधा कंटाळून आणि अपमानानं जातात.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न मात्र मला खरोखर अवघड वाटतो. चाकण-रांजणगावच्या कित्येक लाइनवर कायम कामगार थोडे, बाकी ठेकेदाराची आणि प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलेली मुलं. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेली, एका खोलीत सहा जण राहणारी. सहा-सात महिन्यांनी त्यांच्या नोकरीत खंड पडतो. दोष सगळ्यात आधी त्यांच्या हाताखालून जातो आणि बोलण्याची सगळ्यात कमी सोय त्यांनाच आहे. अशा मुलाला “तुझं मत मांड” म्हणून फलक दाखवणं त्याच्यावर अन्याय आहे, कारण मत चुकलं तर सोमवारी ठेकेदार त्याला गेटवरून परत पाठवतो आणि कारण कुठेच लिहिलं जात नाही.

म्हणून विभागप्रमुखांकडे माझं मागणं प्रशिक्षणाच्या तासांचं नाही. ‘एट डी’ अहवालात ‘ऑपरेटरची चूक’ हे मूळ कारण म्हणून स्वीकारायचं नाही, त्यापुढचा ‘का’ वरच्या खुर्चीपर्यंत जाऊ द्यायचा. वेळापत्रकामुळे दोष झाला असेल तर तसं लिहून खाली प्लॅनिंगच्या प्रमुखानं सही करायची. शिफ्टच्या सुरुवातीची दहा मिनिटं उत्पादनाच्या उद्दिष्टातून आधीच वजा करायची, म्हणजे काल काय अडलं हे टीम पगारी वेळेत बोलू शकेल. लाइन थांबवल्याबद्दल कुणाला मेमो गेला तर तो मागे घ्यायचा आणि मागे घेतल्याचं त्याच टीमसमोर सांगायचं. आणि ठेकेदाराशी करार करताना त्यात एक कलम घालायचं: दोष कळवलेल्या कामगाराला पुढच्या तीन महिन्यांत काढायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागेल, आणि ते कारण गुणवत्ता विभाग तपासेल.